पट, पत्ते आणि विसरभोळी माणसे : एका टेबलाचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासावर लिहा" असे सेक्रेटरी साहेबांनी सांगितले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी आपल्या उंब्रजचा मारुती असावा, नाहीतर तारळी-कृष्णेचा संगम, चाफळ, पाल असे काहीतरी. त्यावर माझ्यापेक्षा जाणकार मंडळी गावात आहेत. मी आपला बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केलेला माणूस. मला ज्या गोष्टीचा हिशोब ठाऊक आहे तीच लिहितो. आपल्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये खिडकीपाशी एक टेबल आणि सहा खुर्च्या आहेत. दुपारी चार ते पाच तिथे चार-पाच म्हातारी माणसे पत्ते नाहीतर पट खेळत बसतात. येता-जाता सर्वांनी पाहिले असेल. नव्याने राहायला आलेल्यांना वाटते, रिटायर्ड मंडळींचा टाइमपास चाललाय. तो टाइमपास आहेच. पण त्यामागे थोडा इतिहास आहे, आणि तो आपल्या मुलाबाळांना कळावा म्हणून हा लेख.

सुरुवात माझ्याच घरापासून करतो. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या सौ. गोष्टी विसरू लागल्या. आधी चष्मा, किल्ल्या. ते तर आपण सगळेच विसरतो. मग गॅसवरचे दूध. मग एकच प्रश्न तासाभरात पाच वेळा. एकदा मसूरला माहेरी जाऊन आल्यावर संध्याकाळी मला म्हणाल्या, "अहो, मसूरला जायचं होतं ना आज?" मी हसण्यावारी नेले. आपल्याकडे म्हण आहेच, साठी बुद्धी नाठी. एका डॉक्टरांनीही "वय झालं, चालायचंच" म्हणून टॉनिक लिहून दिले. त्यात दीड वर्ष गेले. शेवटी मुलाने हट्ट धरला म्हणून मोठ्या तपासण्या झाल्या. थायरॉइड, बी-१२, मेंदूचा स्कॅन, प्रश्नोत्तरांची स्मरणचाचणी. निदान झाले : सौम्य स्वरूपाचा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश.

माझी खरी चूक त्यानंतर झाली. बँकेच्या माणसाला ताळा जुळल्याशिवाय चैन पडत नाही. मी रोज सकाळी त्यांची परीक्षा घेऊ लागलो. आज वार कोणता? नातवाचे नाव काय? काल जेवायला काय केले होते? मेंदूला व्यायाम, असे मी स्वतःला समजावत होतो. मग एके दिवशी हॉलमध्ये मेंढीकोटाचा डाव रंगला होता. सौ. चुकीचे पान टाकून बसल्या. मी चारचौघांत म्हणालो, "अगं, हुकूम बदाम आहे, किती वेळा सांगायचं?" त्यांनी हातातली पाने टेबलावर पालथी ठेवली आणि काही न बोलता वर निघून गेल्या. पुढे तीन महिने त्या खाली उतरल्या नाहीत. हळदीकुंकवालाही नाही.

त्या तीन महिन्यांत मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचले. त्यातून कळलेला इतिहास थोडक्यात सांगतो, कारण माझ्या चुकीचे मूळ त्यात सापडले.

म्हातारपणी बुद्धी मंदावते हे जगाला पूर्वीपासून माहीत होते. पण तो मेंदूचा आजार असू शकतो हे नीट पुढे आले विसाव्या शतकात. जर्मनीत फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात 1901 साली एक्कावन्न वर्षांची एक बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. तिला तपासणारे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. ती 1906 मध्ये वारली तेव्हा त्यांनी तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात झालेले बदल त्याच वर्षी एका परिषदेत मांडले. 1910 मध्ये क्रेपेलिन यांच्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचे नाव मिळाले. स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक आहेत, त्यातले सर्वांत मोठे कारण हा आजार.

आपल्या देशात या प्रश्नासाठी पहिली राष्ट्रीय पातळीवरची संस्था केरळात 1992 साली उभी राहिली, अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया. मुंबईत 1995 साली सुरू झालेल्या डिग्निटी फाउंडेशनने पुढे स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांसाठी दिवसभराची केंद्रे काढली. पाळणाघर असते ना, तशीच, पण तिथे सन्मानाने बसवून गाणी, खेळ, हस्तकला असा दिनक्रम. मराठी माणसाच्या घरात हा विषय पोहोचला तो बऱ्याच अंशी 'अस्तु' या चित्रपटामुळे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटात विसरत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे, आणि ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यात हत्तीमागे निघून गेलेले ते शास्त्रीबुवा पाहिले तेव्हा सौ. ठीक होत्या. आम्ही दोघांनी तो सिनेमा शेजारी बसून पाहिला होता.

किती लोकांना हा आजार असावा? 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांत शंभरात साधारण सात जणांना, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. आपल्या सोसायटीतल्या साठीपुढच्या मंडळींची मोजदाद करून बघा. एखाद-दुसरे घर निघणारच. फक्त ते बोलत नाही.

आता उपचाराचा इतिहास. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावी माजी सैनिकांच्या रुग्णालयात 1958 च्या सुमारास डॉ. जेम्स फोल्सम यांनी एक पद्धत सुरू केली. गोंधळलेल्या वृद्धांना वारंवार वस्तुस्थितीची जाणीव करून द्यायची. भिंतीवर मोठा फळा, त्यावर आजचा वार, तारीख, हवा, पुढचा सण. त्याआधी अशा माणसांना नुसते खाटेवर पडू देत, तेव्हा हे फार मोठे पाऊल होते. ही पद्धत जगभर गेली. पण काही ठिकाणी तिचे रूपांतर माझ्यासारख्या परीक्षकांत झाले. "आज बुधवार नाही, गुरुवार आहे. म्हणा गुरुवार." चुकणाऱ्या माणसाला दिवसभर त्याची चूक दाखवत राहायचे. माणसे हिरमुसली, चिडली, गप्प झाली. मी ते वाचले आणि माझे मला कळले. मी आमच्या घरात जे केले, ते जगाने आधीच करून पाहिले होते आणि सोडूनही दिले होते.

त्या जुन्या पद्धतीतले चांगले ठेवून आणि बोचरे काढून इंग्लंडमध्ये एमी स्पेक्टर, मार्टिन ऑरेल आणि बॉब वुड्स यांनी नवी पद्धत बांधली. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्यांचा छोटा गट, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक बैठक पाऊण तासाची, सात आठवड्यांत चौदा बैठका. त्यात चेंडू टाकणे, शब्दांचे खेळ, जुन्या वस्तू ओळखणे, गाणी, चित्रे, पैशांचे हिशोब, खाण्यापिण्याच्या गप्पा. 2003 साली 201 जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या बैठकांना बसलेल्यांची स्मरण-विचारशक्ती आणि जीवनाचे समाधान, दोन्ही न बसलेल्यांपेक्षा बरी निघाली. बुद्धीवर झालेला परिणाम त्या काळच्या औषधांच्या तोडीचा होता. 2006 मध्ये इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत या पद्धतीला स्थान मिळाले. पुढे चेन्नईच्या स्कार्फ संस्थेतल्या लोकांनी ती तमिळ माणसांच्या चालीरीतींना जुळवून घेतली.

या पद्धतीतला एक नियम मला फार मोलाचा वाटला. माहिती विचारू नका, मत विचारा. "हा सण कोणता?" असे विचारले तर उत्तर चूक येऊ शकते. "पुरणपोळी आवडते की श्रीखंड?" याला चूक उत्तरच नाही.

इथे मला आपले जुने खेळ आठवले. आपल्याकडे बैठ्या खेळांची परंपरा कितीतरी जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ लिहिला. त्यात राजाच्या करमणुकीवर वेगळा भाग आहे आणि त्यात बुद्धिबळाचा पूर्वज चतुरंग, फासे, कवड्या, इतकेच काय कोडी घालण्याचा खेळसुद्धा आहे. या सोमेश्वराचे वडील विक्रमादित्य यांची एक राणी चंद्रलेखा, आपल्या शेजारच्या कऱ्हाडच्या शिलाहार घराण्यातली. बिल्हण कवीने तिच्या स्वयंवराचे वर्णन केले आहे. तेव्हा कवड्यांचा खेळ आपल्या मुलखाला परका नव्हता असे म्हणायला हरकत नसावी.

सारीपाट तर महाभारतातल्या द्यूताचे नाव सांगत घरोघर पोहोचला. कापडाचा चार हातांचा पट, प्रत्येक हातावर चोवीस घरे, चार रंगांच्या सोळा सोंगट्या. फत्तेपूर सिक्रीच्या महालात फरसबंदीवर आखलेला पट आजही दाखवतात. कवड्यांच्या खेळाचे पच्चीसी हे नाव पंचवीसच्या दानावरून पडले. 1890 च्या दशकात हाच खेळ सोपा होऊन इंग्लंडात 'ल्युडो' नावाने विकला गेला. त्याच दशकात आपला मोक्षपटही 'स्नेक्स अँड लॅडर्स' होऊन तिथे पोहोचला आणि छापील सापशिडी होऊन परत आपल्याकडे आला. मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडतात. त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. सावंतवाडीला अजून हाताने रंगवलेला गंजिफा मिळतो. त्यातला दशावतारी संच 120 गोल पानांचा, एकेका अवताराची बारा. आणि कोजागरीच्या रात्री जागून फासे-कवड्या खेळायचे हे तर धर्मशास्त्रानेच सांगितले. त्या काळी कोणी हे खेळ औषध म्हणून खेळत नव्हते. पण घरातली आजी, सुना, नातवंडे एका पटाभोवती बसत, आणि आजी दान विसरली तर नातू तिची सोंगटी पुढे सरकवून देई. आजीला कोणी नापास करत नसे.

तीन महिने सौ. खाली येईनात तेव्हा मी माळ्यावरची त्यांच्या माहेरची लाकडी पेटी काढली. त्यात त्यांच्या आजीने शिवलेला पट, सोंगट्या आणि एका पुरचुंडीत सात कवड्या होत्या. मी काही न विचारता पट जमिनीवर अंथरला आणि मुद्दाम चुकीची मांडणी करू लागलो. थोड्या वेळाने त्या जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, असं नसतं." आणि सोळा सोंगट्या जागच्या जागी लावून मोकळ्या झाल्या. सकाळी काय खाल्ले ते त्यांना आठवत नव्हते. कवड्या मुठीत खुळखुळवून टाकण्याची ढब मात्र पन्नास वर्षांपूर्वीची होती तशीच. डॉक्टरांनी नंतर समजावले की ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या उशिरा, आणि हातांना झालेली सवय फार काळ टिकते. त्या दिवशी त्यांनी माझ्या तीन सोंगट्या मारल्या आणि मनापासून हसल्या.

तो पट आम्ही खाली हॉलमध्ये नेला. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघेच. मग ए विंगमधले निवृत्त गुरुजी येऊन बसले. त्यांनाही विसरायला होत होते हे आम्हाला त्यानंतर कळले. तळमजल्यावरच्या काकू आल्या. त्या ठणठणीत आहेत, पण एकट्या असतात. शनिवारी शाळा सुटल्यावर दोन-तीन मुले येऊ लागली. असे हे टेबल बसले. त्याला ठराव नाही, कमिटी नाही.

चुकतमाकत आम्ही काय शिकलो ते लिहून ठेवतो. दुसऱ्या कुणाच्या घरी उपयोगी पडेल.

मेंढीकोट आणि रमी आम्ही सोडले, कारण त्यात पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात. बदाम सात उत्तम. सगळी पाने टेबलावर उघडी असतात, बघून लावायची. गुलामचोर चालतो. पत्ते मोठ्या आकड्यांचे आणले. सापशिडीत बुद्धी लागत नाही म्हणून मी नाक मुरडले होते, पण नेमके तेच तिचे बळ. गुरुजी आणि दहा वर्षांचा मुलगा तिथे बरोबरीला असतात. बायकांसाठी सागरगोटे ठेवले. बोटे आखडली आहेत, तरी दोन-दोन झेलतात. गाण्याच्या भेंड्यांना तर सगळा हॉल जमतो. ज्यांना नावे आठवत नाहीत त्यांना अख्खी गाणी येतात. कंटाळा आला की डाव अर्धवट सोडायचा. पैसे लावायचे नाहीत. वेळ चारची, कारण दिवस मावळताना अशा माणसांचा गोंधळ वाढतो. टेबलाजवळ एक पाटी आहे, तिच्यावर वार आणि तारीख लिहिलेली असते. ज्याला हवे त्याने वाचावे, विचारायचे कोणी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, चुकीचे दान मोजले तर मोजू द्यायचे. हा नियम मला सर्वांत जड गेला. सौ. पाच पडल्यावर सात घरे जातात आणि माझा हात आजही शिवशिवतो.

कोणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो. खेळाने हा आजार बरा होत नाही. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात 75 वर्षांवरच्या 469 लोकांचा सरासरी पाच वर्षे मागोवा घेतला. त्यात वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. 2003 चाच तो निबंध. पण खेळामुळे तो टळला, की ज्यांची बुद्धी शाबूत होती तेच खेळत राहिले, हे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. तेव्हा घरात कोणी विसरू लागले तर आधी चांगल्या डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, चालू औषधांचा परिणाम यांनीही विसरायला होते आणि त्यांवर इलाज आहे. माझ्यासारखे दीड वर्ष टॉनिकवर काढू नका.

मग उपयोग काय? दोन सांगतो. पहिला सौं.चा. संध्याकाळी त्या शांत असतात. जेवण नीट होते. चार वाजत आले की स्वतःहून पदर सारखा करून दाराशी उभ्या राहतात. कशासाठी ते कधी आठवते, कधी नाही, पण काहीतरी चांगले आहे एवढे त्यांना कळते.

दुसरा उपयोग माझा. गोव्यात डॉ. अमित डायस आणि संगत संस्थेच्या मंडळींनी तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांतल्या 81 कुटुंबांबरोबर एक काम केले. 2008 साली ते प्रसिद्ध झाले. गावातल्याच साध्या शिकलेल्या माणसांना तयार करून त्यांना घरोघरी पाठवले. त्यांनी आजार समजावला, कसे वागावे ते सांगितले, धीर दिला. त्यात सर्वांत ठळक फरक पडला तो सांभाळणाऱ्यांच्या मनःस्थितीत. हे वाचून मला रडू आले, हे लपवत नाही. ते चार ते पाच असताना मी कधी बँकेत जाऊन येतो, कधी बाजारातून भाजी आणतो, कधी नुसता तारळीच्या पुलावर उभा राहतो. काकू म्हणतात, "तुम्ही या जाऊन भावजी, आम्ही आहोत." या एका वाक्यावर मी बाकीचे तेवीस तास काढतो.

गेल्या वर्षापासून सौं.चा आजार एक पायरी पुढे गेला आहे. पटावरचे रंग त्यांना आता ओळखू येत नाहीत, कुणाचीही सोंगटी उचलतात. कधी कधी मला "दादा" म्हणतात. दादा म्हणजे त्यांचे थोरले बंधू, त्यांना जाऊन वीस वर्षे झाली. आधी मी सांगायचो, "अगं, मी आहे." आता नाही सांगत. दादांबरोबर त्या लहानपणी हाच पट खेळल्या आहेत. मी दादांच्या वाटचे दान टाकतो.

येत्या वार्षिक सभेत हॉल भाड्याने देण्याचा विषय येणार आहे. सोसायटीच्या तिजोरीला त्याची गरज आहे हे बँकवाल्याला काय सांगायचे! उत्पन्नाला माझा विरोध नाही. विनंती एवढीच आहे की हॉल द्या, पण चार ते पाच ही वेळ आणि खिडकीपाशचे टेबल त्यातून वगळा, आणि तसे करारात लिहा. आज आमच्या घरासाठी मागतो आहे. उद्या कुणाच्या घरासाठी लागेल ते कुणी सांगावे.

पच्चीसीच्या पटावर पंचवीसचे दान पडले की खेळणारा आनंदाने ओरडतो. आपल्या सोसायटीला पंचवीस पडले आहेत. सर्व सभासदांचे, त्यांच्या कुटुंबियांचे आणि सुरुवातीपासून राबलेल्या सर्व कमिट्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. दुपारी चारला खाली या. पाचवा-सहावा भिडू आम्हाला नेहमीच कमी पडतो.